हात मोकळे ठेवून जेवायचं: ताईबरोबर पॅरिस, क्लुनी आणि लुआँ

दिवस १, शुक्रवार

विमानात आमच्या मागच्या रांगेत एक तान्हं बाळ होतं, ते मुंबई सोडल्यापासून जे रडायला लागलं ते पॅरिस येईपर्यंत. अख्खं विमान वैतागलेलं, मी कानात बोळे घालून बसलेली, आणि शेजारी ताई ढाराढूर. उतरताना तिला सांगितलं तर खुणेनंच म्हणाली, "कुठलं बाळ?"

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, जन्मापासून डेफ, आता रिटायर्ड. मी हिअरिंग, म्हणजे ऐकू येणारी. आमची दोघींची भाषा म्हणजे निम्मी इंडियन साइन, म्हणजे आपल्याकडची डेफ लोकांची हातांची भाषा, आणि निम्म्या लहानपणी घरात तयार झालेल्या खुणा, ज्या आमच्याशिवाय कुणालाच कळत नाहीत. आईलाही नाही कळायच्या, आणि ते बरंच होतं.

तर झालं असं की ताईच्या डेफ मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी एका पोस्टरचा फोटो टाकला. पॅरिसमधे एक छोटं प्रदर्शन, विषय काय तर बहिऱ्यांच्या शाळांचा इतिहास आणि जेवण. मला आधी वाटलं दोन वेगळी प्रदर्शनं आहेत आणि खर्च वाचवायला पोस्टर एकच छापलंय. शाळेचा आणि जेवणाचा डब्यापलीकडे काय संबंध? ताईनं मात्र फोटो बघितला आणि लगेच, जायचं. मी म्हटलं अगं दोन खोल्या बघायला कुणी पॅरिसला जातं का, तर म्हणे लोक लोखंडाचा टॉवर बघायला जातात ते चालतं. मग काय, तिकिटं काढली. तारखाही तिनंच ठरवल्या, कारण २४ नोव्हेंबर हा आबे द लेपेचा जन्मदिवस. हे कोण ते सांगते.

हॉटेलवर बॅगा टाकून पहिल्यांदा गेलो सँ-रॉश चर्चला. बाहेरून काही खास नाही, रस्त्यावरच्या दुकानांमधे दबून गेल्यासारखं वाटतं, पण आत एका बाजूच्या छोट्या खोलीत आबे द लेपेची समाधी आहे. आबे म्हणजे पाद्री. १७१२ मधे व्हर्सायला जन्मलेला हा माणूस, गोष्ट अशी सांगतात की एका घरी गेला तर दोन मुली शिवणकाम करत बसलेल्या, त्यानं विचारलं ते उत्तरच देईनात, मग आई आली तेव्हा कळलं की दोघी बहिऱ्या आहेत. तिथून त्याचं शिकवणं सुरू झालं. साधारण १७६० च्या सुमारास स्वतःच्या घरातच शाळा काढली, फी नाही, गरीब-श्रीमंत सगळे एकत्र. त्याआधी बहिऱ्यांना शिकवणारे होते, पण ते बहुतेक मोठ्या घराण्यातल्या एकदोन मुलांना, भरपूर पैसे घेऊन, आणि पद्धत गुपित ठेवून. ह्यानं उलट केलं, दार उघडं ठेवलं, कुणीही या आणि बघा. १७७७ मधे ऑस्ट्रियाचा सम्राटसुद्धा येऊन बघून गेला. आणि मुख्य म्हणजे मुलं आपापसात ज्या खुणा करतात त्यांनाच धरून शिकवायचं हे त्यानं मान्य केलं. त्यात त्यानं फ्रेंच व्याकरणाच्या स्वतःच्या खुणा घुसडून बराच घोळ घातला ते वेगळं, मास्तर तो मास्तरच.

समाधीवर त्याचा अर्धपुतळा आणि खाली दोन मुलं वर बघतायत. ताई बराच वेळ तिथे उभी होती. मग म्हणाली, "मुलांच्या हातात काही नाही, बरं झालं. आमच्या शाळेतल्या फोटोत सगळ्यांना पाटी धरायला लावायचे. पाटी धरली की हात बंद."

रात्री जेवायला एका हॉटेलात गेलो, छान मंद दिवे, टेबलावर मेणबत्ती, फुलदाणी, एकदम रोमँटिक. आणि डेफ माणसासाठी एकदम निरुपयोगी. ताईनं बसल्या बसल्या फुलदाणी उचलून शेजारच्या टेबलावर ठेवली, मेणबत्ती बाजूला सरकवली, खुर्ची अशी फिरवली की बाहेरच्या दिव्यांचा उजेड माझ्या हातांवर पडेल, आणि मग कोट काढला. हे ती जगात कुठेही करते, आधी टेबल नीट लावून घेते. वेटर जरा बघत राहिला. आम्ही बोट दाखवून सूप मागवलं आणि ते गारच प्यायलो, कारण एक तर प्यायचं नाहीतर बोलायचं, दोन्ही एकदम होत नाही. डेफ लोकांबरोबर जेवायला बसाल तर एक सांगते, घाई असेल तर बसू नका.

दिवस २, शनिवार

सकाळी आधी सँ-जाक रस्त्यावरची २५४ नंबरची ती जुनी शाळा बघायला गेलो. लेपे १७८९ च्या डिसेंबरमधे वारला, म्हणजे क्रांती नुकतीच झालेली, आणि १७९१ मधे नव्या सरकारनं त्याची शाळा राष्ट्राची म्हणून ताब्यात घेतली, मग १७९४ ला ती ह्या जागेत, एका जुन्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री तयार करायच्या शाळेत, आली. अजून आहे. शाळाच असल्यामुळे आत असंच जाता येत नाही, आम्ही फाटकातूनच अंगणातला लेपेचा पुतळा बघितला. तो फेलिक्स मार्तँ नावाच्या डेफ शिल्पकारानं केलेला आहे, १८७९ मधे. ताईनं फाटकाच्या गजांतून हात घालून त्याला नमस्कार केला, येणारे जाणारे बघत होते.

मग प्रदर्शन. दोन खोल्याच, एका संस्थेच्या जुन्या इमारतीत. आधी तक्रार करून टाकते म्हणजे मोकळी होते. जुने कागद खराब होऊ नयेत म्हणून दिवे इतके मंद ठेवलेले की माहिती सांगणारी बाई, जी स्वतः डेफ, तिचे हातच नीट दिसेनात. डेफ इतिहासाचं प्रदर्शन, अंधारात! शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी मोबाइलचा टॉर्च तिच्या हातांवर धरला आणि पूर्ण तासभर धरून उभे राहिले, हात दुखले असतील. नंतर आम्ही आळीपाळीनं धरला.

दुसरी अडचण अशी की ती बाई फ्रेंच साइनमधे सांगणार, ताईची इंडियन. मला वाटलं आता काही खरं नाही. आणि खरं तर पाच मिनिटं अडलंच, विशेषतः बोटांची मुळाक्षरं, कारण आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात आणि फ्रेंच लोक एका हातानं. पण मग दोघींनी कसं काय जमवलं देव जाणे, एकमेकींच्या खुणा उचलायच्या, मूकाभिनय, भुवया, अर्ध्या तासानं त्या दोघी हसत होत्या आणि मीच मागे पडलेले, भिंतीवरचं इंग्रजी भाषांतर वाचत. ताई मधेच मला म्हणाली, "एक हात बरा. दुसऱ्यात चमचा धरता येतो." हे वाक्य पुढे तीन दिवस डोक्यात राहिलं.

पहिल्या खोलीत सुरुवातीलाच एक लाकडी वाडगं आणि दुधाचा जग ठेवलेला, जुना नाही, नुसता समजावण्यासाठी. त्याची गोष्ट अशी. १८०० मधे अ‍ॅव्हेरॉं भागातल्या रानात सापडलेला एक मुलगा, अंदाजे बाराएक वर्षांचा, ह्याच सँ-जाकच्या शाळेत आणला गेला. बोलत नव्हता, पण बहिरा नव्हता. शाळेचे डॉक्टर इतार ह्यांनी त्याला शिकवायला घेतलं, व्हिक्तोर असं नाव ठेवलं. इतारना वाटायचं की भूक-तहान लागली की गरजेपोटी शब्द फुटेल. म्हणून पाणी लपवून "ओ" म्हणायला लावायचे, ओ म्हणजे फ्रेंचमधे पाणी. नाही फुटला. मग एके दिवशी दूध ओतताना पोरगं "ले" म्हणालं, ले म्हणजे दूध. आनंदीआनंद! पण इतारनंच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की तो शब्द दूध मिळाल्यावर यायचा, मागताना नाही. मागायचं असलं की पठ्ठ्या सरळ आपलं वाडगं पुढे करायचा. दुसऱ्यांकडे दूध मिळणार असेल तर वाडगं बरोबर घेऊन निघायचा.

ताईनं हे दोनदा सांगायला लावलं. मग तिचे हात जोरजोरात: "वाडगं पुढे केलं म्हणजे सांगितलंच ना त्यानं! अजून काय बोलायचं होतं?"

आणि मग तिनं भाजीची गोष्ट त्या बाईला सांगितली, ती मी शंभर वेळा बघितलीय. ताईच्या शाळेत (नाव नको) साइन करायला बंदी होती, ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं. बोटं हलली की पट्टी. प म्हणताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायचे, ती फडफडली पाहिजे. आता ओठांवर प, ब, भ, म सगळे सारखेच दिसतात, ओठ मिटले आणि उघडले, संपलं. पापा, बाबा, मामा आरशात म्हणून बघा, आवाज न करता. तर बाई पानात वाढताना विचारायच्या, "भाजी?" आणि ताईला दिसायचं "माझी". ती म्हणायची हो, माझी. मग परत भाजी. असं करत एका दिवशी तिच्या पानात चार वेळा दोडका पडला, आणि तो दोडका तिनं "आपलाच आहे" म्हणून निमूट संपवला. फ्रेंच बाईला ही गोष्ट अनुवादाशिवाय कळली आणि ती इतकी हसली की टॉर्चवाले काका दचकले. त्यांच्याकडेही तेच म्हणे, पँ, बँ आणि मँ, म्हणजे पाव, आंघोळ आणि हात, ओठांवर तिन्ही एकच. हात म्हणता पाव, वा!

पुढच्या भिंतीवर मिलान. १८८० च्या सप्टेंबरमधे इटलीत मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की खुणा बंद, तोंडी शिक्षणच श्रेष्ठ. मतं देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. त्यानंतर फ्रान्समधे वर्गातून साइन गेली ती जवळजवळ शंभर वर्षं. बहिरे शिक्षकही गेले, कारण तोंडी कोण शिकवणार. अशा परिषदांनी ह्याबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मधे, व्हँकुव्हरला. १३० वर्षांनी. मधे फ्रान्समधे १९९१ च्या कायद्यानं पालकांना निवड मिळाली आणि २००५ च्या कायद्यानं फ्रेंच साइनला भाषा म्हणून मान्यता.

पण प्रदर्शनाचा मुद्दा इथेच होता आणि मला तो फोटोपाशी पोचल्यावर कळला. एका शाळेच्या जेवणाच्या खोलीचा जुना फोटो, लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी मुलं समोरासमोर. शेजारी वर्गाचा फोटो, तिथे सगळ्यांची तोंडं मास्तरकडे आणि हात पाठीमागे नाहीतर बाकावर. वर्गात मुलाला मुलगा दिसतच नाही, फक्त मास्तरचे ओठ. जेवताना मात्र समोर माणूस, हात वर, उजेड, आणि मास्तर आपल्या जेवणात. बंदीच्या काळात भाषा टिकली ती जेवणाच्या खोलीत, झोपायच्या हॉलमधे आणि मैदानावर, मोठ्या मुलांकडून छोट्यांकडे. ताई त्या फोटोपुढून हलेना. त्यांच्या शाळेत म्हणे जेवणाचा हॉल चाळीस मिनिटांचा, शिक्षक वेगळ्या खोलीत जेवायचे आणि वाढणाऱ्या मावशींना पट्टी मारण्यात काही रस नव्हता. पाचवीतल्या मुली पहिलीतल्यांना शिकवायच्या, ही खूण अशी नाही, अशी. "मी भाषा भातावर शिकले," असं ती म्हणाली, आणि मला एकदम लाज वाटली, कारण घरी आल्यावर ती जेवताना हात हलवायला लागली की आम्हीच म्हणायचो, आधी जेव, मग बोल. आणि मग ती जेवायची, आणि आम्ही बोलत बसायचो.

दुसरी खोली मेजवान्यांची. ही गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. ह्याच शाळेत शिकलेला आणि नंतर तिथेच शिक्षक झालेला फेर्दिनां बेर्तिए, डेफ, त्यानं आणि त्याच्या मित्रांनी १८३४ च्या नोव्हेंबरअखेर लेपेच्या जन्मदिवसानिमित्त पॅरिसमधे मेजवानी ठेवली. दर वर्षी. बहिरे लोक एकत्र बसून जेवणार, साइनमधे भाषणं, साइनमधे टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा. थोडे ऐकणारे पाहुणे आणि पत्रकार बोलवायचे, पण त्या खोलीत अल्पसंख्य ते, भाषांतर करून सांगावं लागायचं ते त्यांना! नंतर परदेशातून डेफ पाहुणे यायला लागले. १८३८ मधे त्यातूनच बहिऱ्यांची संस्था उभी राहिली. नुसतं जेवण का, सभा का नाही, ह्याचं मला सुचलेलं उत्तर असं: १८३४ च्या एप्रिलमधेच तिथल्या सरकारनं संघटनांवरचा कायदा कडक केला होता, जमायचं तर परवानगी. जेवायला मात्र कुणी कुणाला अडवत नाही. पुढे १८४७ मधे राजकीय पुढाऱ्यांनीही हीच युक्ती केली, मेजवान्या घालून भाषणं ठोकली, सरकार त्या बंद करायला गेलं आणि १८४८ च्या फेब्रुवारीत राजाचीच गादी गेली. बेर्तिएच्या मंडळींनी ते तेरा वर्षं आधी चालू केलेलं, अर्थात राजा घालवायला नाही.

एक खटकलं ते सांगते. ह्या मेजवान्या कितीतरी वर्षं फक्त पुरुषांच्या. ताईनं बाईला विचारलं मग बायका कुठे होत्या, तर बाईनं खांदे उडवले आणि भांडी घासायची खूण केली. ही खूण दोन्ही देशांत सारखीच आहे.

टोस्टचं एक चित्र होतं, सगळ्यांचे ग्लास वर. ताई म्हणाली, एका हातात ग्लास, म्हणजे भाषण एका हातानं. आणि मग आम्ही दोघींनी रात्री हॉटेलच्या खोलीत ग्लास धरून एका हातानं साइन करायचा प्रयत्न केला. गादीवर पाणी सांडलं.

दिवस ३, रविवार

२४ नोव्हेंबर. पॅरिसहून वेगवान गाडीनं माकोंपर्यंत, तिथून बसनं क्लुनी. इथे यायची कल्पना माझी, कारण प्रदर्शनातल्या एका कोपऱ्यात चार ओळी होत्या आणि त्या मला सुटेनात.

क्लुनीचा मठ ९१० मधला. एके काळी इथलं चर्च ख्रिस्ती जगात सगळ्यात मोठं होतं, रोममधलं नवं सेंट पीटर्स होईपर्यंत. क्रांतीनंतर लोकांनी दगड काढून विकले, आता दहावा हिस्सा वगैरे उरलाय. पण तो दहावा हिस्सा बघायला मान इतकी मागे टाकावी लागली की ताईचा स्कार्फच पडला. नोव्हेंबरची थंडी, आत बाहेर सारखीच, माणसं मोजून सात.

तर त्या चार ओळी. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे जेवताना पूर्ण शांतता, एकजण मोठ्यानं वाचणार, बाकीचे ऐकत जेवणार, आणि काही हवं असेल तर बोलायचं नाही, खूण करायची. क्लुनीच्या साधूंनी ह्या खुणांची यादीच केली, अकराव्या शतकातली ती यादी अजून आहे, ११८ खुणा, आणि सुरुवात कशापासून? खाण्यापासून. पाव म्हणजे दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून गोल, कारण पाव गोल असतो. मासा म्हणजे पंजा पाण्यात शेपटी हलवल्यासारखा. मध म्हणजे जीभ जराशी बाहेर आणि बोटं चाटल्यासारखी. दूध म्हणजे करंगळी ओठांना, कारण तान्हं बाळ तसं चोखतं.

मी हे सगळं ताईला पिठाच्या कोठारात उभं राहून करून दाखवलं. तेराव्या शतकातलं कोठार आहे, फारिनिए म्हणतात, खाली आता काही नाही, वरच्या मजल्यावर त्या पडलेल्या चर्चचे नक्षीदार खांबमाथे मांडलेत आणि वर छताला उलट्या होडीसारखा लाकडी सांगाडा. तिला मासा कळला, पाव कळला, मध अर्धा. दूध नाही पटलं. तिची दुधाची खूण म्हणजे धार काढायची, दोन मुठी वर-खाली. "ह्यांनी गाय बघितली नव्हती का?" मी म्हटलं बघितली असेल गं, पण साधू ते, गाईऐवजी बाळ आठवलं. तर म्हणे साधूंना बाळ कुठून आठवलं.

इथून बहिऱ्यांच्या शाळेपर्यंतचा धागा असा लावतात: सोळाव्या शतकात स्पेनमधे ओन्याच्या मठात पेद्रो पॉन्से दे लेऑन नावाचा बेनेडिक्टाईन साधू होता, मौन पाळणारा, खुणा येणारा. त्यानं एका सरदार घराण्यातल्या बहिऱ्या मुलांना शिकवलं. बहिऱ्यांचा पहिला मास्तर म्हणून त्याचं नाव घेतात. खुणांची सवय होती म्हणून ह्या मुलांना शिकवता येईल हे त्याला सुचलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. पुढे १६२० मधे स्पेनमधेच हुआन पाब्लो बोनेतनं एका हाताची मुळाक्षरं छापली, आणि कालच्या त्या बाईची एका हाताची अक्षरं त्याच घराण्यातली.

ताईनं शांतपणे सगळं बघितलं. मग कोठाराच्या भिंतीला टेकून म्हणाली, "ज्यांना बोलता येत होतं ते देवासाठी गप्प बसले आणि हातानं मागून जेवले, त्यांना संत म्हणाले. मी हातानं भात मागितला तर पट्टी." मी काही बोलले नाही. थंडी जाम वाजत होती, बाहेर आलो आणि कॉफी प्यायलो.

कॉफीबरोबर लेपेचा वाढदिवस साजरा केला, एका केकच्या तुकड्यात दोघींनी. ताईनं दोन्ही हात वर करून पंजे हलवले, डेफ लोकांच्या टाळ्या. काउंटरवरच्या पोरीला वाटलं बिल मागतेय.

दिवस ४, सोमवार

मधे दोनदा गाडी बदलून लुआँला. लिहिताना त्यात ह, न, स सगळं आहे पण उच्चार नुसता लुआँ. ताई म्हणाली, "ओठांवर काहीच दिसत नाही, हे काय गाव आहे!" बेर्तिए इथला. १८०३ मधे जन्मला, आठव्या वर्षी पॅरिसच्या शाळेत पाठवला, १८४८ मधे निवडणुकीलासुद्धा उभा राहिला (पडला), १८४९ मधे त्याला लेजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा किताब मिळाला, तो मिळवणारा पहिला डेफ माणूस. वारला १८८६ मधे, म्हणजे मिलानचा ठराव त्याला बघावा लागला.

ह्याच गावात बहिऱ्यांच्या इतिहासाचं आणि संस्कृतीचं म्युझियम आहे. आणि आता माझी चूक. मी आधी विचारून वेळ घ्यायला हवी होती, मी घेतली नाही, मला वाटलं म्युझियम आहे तर उघडंच असणार. दार बंद. ताईनं बंद दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढची वीस मिनिटं ती माझ्याकडे बघायचीच थांबली. डेफ माणसाचा अबोला असा असतो, नजर काढून घेतली की फोन कट. मी समोर जाऊन हात हलवतेय आणि ती आभाळ बघतेय.

वाचवलं ते बाजारानं. लुआँचा सोमवारचा बाजार म्हणजे अख्खा तालुका लोटतो, मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुन्या कमानी, १५७ आहेत म्हणे, आम्ही मोजायला घेतल्या आणि चाळीसच्या आसपास चीजच्या गाडीपाशी चुकलो. पलीकडे झाडांखाली जिवंत कोंबड्या, बदकं, ससे. ब्रेस ह्या भागाची कोंबडी इथली, पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, फ्रान्सचा झेंडाच अंगावर घेऊन फिरते, आणि १९५७ पासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण. ताई शाकाहारी, पण कोंबड्यांशी तिचं बरं जमलं. एक आजोबा कोंबडी उलटी धरून पायांचा रंग दाखवत होते, ओरडून काहीतरी सांगत होते, इतक्या गोंगाटात मला शष्प ऐकू येईना, आणि ताईला सगळं कळत होतं. किती महिन्यांची, काय खाते (मका, दाणे टिपायची खूण), किती युरो. तिनंच मला भाषांतर करून सांगितलं. सगळा बाजार असाच चालला होता, बोटं दाखवून, वजन हातानं तोलून, भाव बोटांवर. इथे सगळेच डेफ.

सोमवारी सकाळी इथे वासराच्या मुंडीचं कालवण खायची पद्धत आहे, कमानींखाली काका लोक नऊ वाजताच ताट घेऊन बसलेले. आम्ही लांबूनच. आम्ही घेतल्या कोर्नियोत, तीन टोकांच्या टोपीसारखी पेस्ट्री, कडा कुरकुरीत आणि मधे फुगलेलं मऊ. अंडं चालतं का ताईला, तर प्रवासात चालतं. सहा घेतल्या, परत गेलो आणि अजून सहा.

दुकानातली बाई खोक्याला रिबिन बांधत होती तेव्हा ताईनं तिला विचारलं, दुधाची खूण काय, म्हणजे पेस्ट्रीत दूध आहे का. तिनं मुठींनी धार काढून दाखवली. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की काल क्लुनीत जिंकायची राहिलेली केस आज जिंकली.

परतीची गाडी दिजोंपर्यंत, तिथून पॅरिस. खिडकीला धुकं, मक्याची कापलेली शेतं. ताईनं अबोला सोडलेला, आणि मग एकदम तिनं त्या शाळेतल्या जेवणाच्या हॉलबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठल्या टेबलावर कोण, कुणाची साइन भरभर, कुणी नक्कल कुणाची करायची, मुख्याध्यापक चालतात कसे, जेवणाचा कंटाळा येऊन मुद्दाम हळू कसं जेवायचं म्हणजे चाळीस मिनिटं पुरतील. साठ वर्षांच्या बाईनं आठ वर्षांच्या सात मुली एकेक करून चेहऱ्यावर आणल्या, ह्यातली एकही मला माहीत नव्हती. तिला दोन्ही हात लागत होते म्हणून खोकं माझ्याकडे, आणि मी नजर काढली की गोष्ट तुटणार म्हणून मी आंधळ्यासारखी खोक्यात चाचपून खात होते. दिजों आलं तेव्हा ती थांबली आणि खोकं मागितलं. एकच उरली होती, तीही टोक मोडलेली.